सुटीची घंटा वाजलीच नाही

वणीहून मुकुटबनकडे संध्याकाळी निघणाऱ्या एसटीत एकदा चढून बघा. कोळशाच्या ट्रकांमागून गाडी रखडत चाललेली असते, दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेते अंधारात शिरत असतात. गाडीत निम्मी कॉलेजची पोरे. खिडकीशी बसलेल्या मुलीच्या मांडीवर वही उघडी, वहीवर फोन, फोनवर पीडीएफ. दोन ओळी वाचून होतात न होतात तोच वरून एक सूचना सरकत खाली येते. अंगठा तिकडे जातो. मग एक रील, त्यामागून दुसरे. दहा-बारा मिनिटांनी तिला एकदम आठवते आणि ती घाईने पुन्हा पीडीएफ उघडते. पुन्हा त्याच दोन ओळी. तिचा थांबा येईपर्यंत ते पान काही सरत नाही. उतरताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला मी आळस म्हणणार नाही. दिवसभर राबूनही हाती काही न लागलेल्या माणसाचा तो चेहरा आहे.

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातला, दोन गावांची नावे जोडून ओळखला जाणारा तालुका. पलीकडे पैनगंगा आणि तेलंगणाचा आदिलाबाद. गावांबरोबर इथे कोलामांचे पोड, म्हणजे वाड्या, आहेत, गोंड आणि परधानांची वस्ती आहे, कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. पदवीचे शिक्षण म्हणजे बहुतेकांसाठी वणी किंवा पांढरकवडा आणि तिथे नेणारी एसटी. अशा तालुक्यात 'पोट्टे मोबाईलच्या नादी लागले' हे वाक्य पारावर, शिक्षकांच्या खोलीत आणि घरोघरी ऐकू येते. वाक्य खोटे नाही. पण त्यात एक मोठी गोष्ट गाळली जाते. नाद लागायच्या आधी, कोविडच्या काळात, हा फोन या घरांत शाळा म्हणून आला होता. तो आम्ही मोठ्या माणसांनी आणला आणि ती शाळा सुटल्याचे मुलांना सांगायचे मात्र आम्ही विसरलो.

प्रत्येक साथ मागे काही ठेवून जाते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात पोहोचला. माणसे घरे सोडून माळावर झोपड्या टाकून राहिली. साथ ओसरली, पण तिच्या धास्तीने १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि त्यातून पुढे दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांच्या वसाहती झाल्या. आज तिथे राहणाऱ्या कितीजणांना आपल्या गल्लीची रुंदी प्लेगने ठरवली हे ठाऊक असेल? १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला देशातल्या सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत नेऊन बसवले. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्याच घटली. त्या साथीने आमच्या भागात मागे ठेवली ती रिकामी घरे. कोविडने जे मागे ठेवले ते खिशात मावते, म्हणून तो साथीचा अवशेष आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

याला आणखी एक, जास्त लांबचा धागा आहे. वऱ्हाडातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास हा अंतर कमी करण्याचा इतिहास आहे. नागपूरची जुनी महाविद्यालये आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली होती, नंतर अलाहाबादला. इथल्या मुलाची उत्तरपत्रिका शेकडो मैल दूर जायची. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ झाले, तेव्हा पदवी प्रांतात आली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ झाले, तेव्हा ती आणखी जवळ आली. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. मग तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली आणि सकाळची एसटी धरून संध्याकाळी घरी येणे शक्य झाले. ज्या घरात याआधी कुणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते तिथली मुलगी बी.ए. झाली ती या अंतर कापण्याच्या शंभर वर्षांच्या खटपटीमुळे. आणि २०२० मध्ये हे अंतर एकदम शून्यावर आले. विद्यापीठ तळहातावर आले.

आपण याला प्रगती म्हटले. थोडी होतीही. पण अंतराबरोबर जाणे-येणेही गेले, हे आपल्या हिशोबात धरले नाही. सकाळची बस, वर्गाची घंटा, मधली सुटी, ग्रंथालयातले टेबल, संध्याकाळची बस. या सगळ्यांतून दिवसाला कडा मिळत होत्या. अभ्यास कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पायांना कळत होते. फोनवरच्या कॉलेजला कडाच नव्हती.

ते वर्ष नीट आठवावे लागेल, कारण ते फार लवकर विसरले जात आहे. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असे सांगितले, राज्य सरकारला त्या नको होत्या, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्टला न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असा निकाल दिला. सप्टेंबर अखेरपासून राज्यातल्या विद्यापीठांनी ऑनलाईन परीक्षा लावल्या. कागदावर ही चार-पाच तारखांची गोष्ट आहे. झरी जामणीच्या शेतकरी घरात ती पेरणीच्या हंगामात आली. जून-जुलै म्हणजे हाती पैसा नसण्याचे महिने. बियाणे, खत, निंदणाची मजुरी, सगळे उधारीवर. त्यात लेकराच्या वर्गासाठी फोन हवा. कुणी शेळी विकली, कुणी सावकाराचे कर्ज काढले, कुणी नातेवाइकाकडचा जुना, काच तडकलेला फोन मागून आणला. घरात एकच फोन आणि शिकणारी तीन भावंडे, हे चित्र तर कितीतरी घरांत होते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने (२०१७-१८) आधीच दाखवून दिले होते की ग्रामीण भारतात १०० पैकी १५ घरांतही इंटरनेटची सोय नव्हती आणि संगणक जेमतेम चार-साडेचार घरांत होता. त्या देशात आपण महाविद्यालय इंटरनेटवर नेले. संगणक नव्हताच, म्हणून ते फोनवर गेले. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ३६.५ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हा आकडा ६१.८ झाला, २०२१ मध्ये ६७.६. एवढ्या वेगाने या देशात एखादी वस्तू घरांत शिरल्याची उदाहरणे मोजकीच असतील, आणि ती शिरली ती शिक्षणाचे नाव सांगून.

जिथे नेटवर्क धरत नव्हते तिथली मुले उंचवट्यावर, पाण्याच्या टाकीखाली, शेतातल्या मचाणावर बसली. जे प्रश्न वहीत पानेपाने लिहून सोडवायचे ते चार पर्यायांतून एकाला बोट लावून सुटू लागले. वर्ग भरला की आवाज बंद करून बसायचे. कोलाम घरातल्या मुलाची मायबोली कोलामी, वर्गाची भाषा मराठी. त्याला बोलते करायला समोर शिक्षक लागतो, त्याची नजर लागते, बाकावर शेजारी बसलेला मित्र लागतो. आवाज बंद ठेवण्याच्या त्या बटनाने अशा मुलांचा जो तोटा केला त्याची नोंद कुठल्या निकालपत्रात नाही.

निकालपत्रे तर भरघोस होती. २०२१ मध्ये बारावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. ही मुले त्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाला आली. त्यांना 'कोरोना बॅच' हे नाव चिकटले ते आजतागायत सुटलेले नाही. नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बैठकीत, भरतीच्या मैदानावर ते कानी पडते. हे नाव ठेवणाऱ्यांनी एकदा विचार करावा, की परीक्षा मुलांनी रद्द केली नव्हती.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. राज्यातली महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरायला लागली. पुण्या-मुंबईत मुले वर्गात परतली. २८ ऑक्टोबरला एसटीच्या कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि नोव्हेंबरात राज्यभरची आगारे ठप्प झाली. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे खरी अगतिकता होती, त्यांच्यातल्या अनेकांनी त्या काळात जीव दिला. त्यांना मी दोष देत नाही. पण ज्या तालुक्यात कॉलेज म्हणजे एसटी, तिथे कॉलेज उघडले आणि रस्ता बंद झाला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत महाविद्यालयेही पुन्हा बंद झाली. संप पूर्ण मिटायला एप्रिल उजाडला. म्हणजे शहरातल्या मुलाचा फोनवरचा मुक्काम दीड वर्षाचा असेल, तर पोडावरच्या मुलाचा तो दोन वर्षांहून जास्त झाला. अठरा-एकोणीस हे वय असे असते की त्या वयात दोन वर्षे ज्यात काढावीत त्याचीच सवय जडते. परत यायची वेळ आली तेव्हा वाटच उरली नव्हती, म्हणून ही मुले होती तिथेच राहिली.

इथे कुणी म्हणेल, प्रत्येक पिढीच्या मागे असा काही ना काही नाद लावून दिला जातोच. खरे आहे. कादंबऱ्यांनी तरुण बिघडतात असे म्हणणारे एकोणिसाव्या शतकात होते. मग नाटक आले, सिनेमा आला, ट्रान्झिस्टर आला. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडत. त्या सगळ्यांतून पिढ्या तरल्या, हीही तरेल, असा दिलासा पुष्कळ लोक देतात. मला तो पटत नाही. कादंबरीला शेवटचे पान होते. तंबूतला सिनेमा जत्रेबरोबर उठून जायचा. दूरदर्शन रात्री बंद व्हायचे आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. नागपूरच्या एम्प्रेस मिलचा भोंगा असो की शाळेची लोखंडी घंटा, प्रत्येक गोष्टीला सुटण्याची वेळ होती आणि ती वेळ दुसरे कुणीतरी आपल्यासाठी पाळत होते. फोनमधला पडदा मात्र मुद्दाम असा घडवलेला आहे की तो सरूच नये. खाली ओढत राहावे आणि नवे येत राहावे ही रचना २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या संगणक अभियंत्याने तयार केली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच्या भरीला सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि एका जीबीसाठी अडीचशेच्या घरात जाणारा खर्च काही रुपयांवर आला. आधी पैसे संपले की नेट संपायचे, तेवढी तरी घंटा होती. तीही गेली.

रोज दीड-दोन जीबी आपोआप मिळतात आणि रात्री बाराला नवे सुरू होतात. पोरे बारापर्यंत जागतात त्याचे एक कारण हे साधे गणित आहे. आजचे उरलेले संपवायचे आणि उद्याचे उघडायचे.

याला व्यसन म्हणावे का? मी हा शब्द जपून वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. स्मार्टफोनचे व्यसन असा आजार त्या यादीत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ मध्येच अशा तक्रारींसाठी वेगळे उपचार केंद्र उघडले, म्हणजे त्रास खरा आहे. पण दिवसाचे पाच तास फोन पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला रोगी ठरवले की घरचे मोकळे, कॉलेज मोकळे, सरकार मोकळे. ज्या मुलाची झोप उडाली आहे, जो जेवायचे विसरतो, फोन काढून घेतला की ज्याचा तोल सुटतो, पैशांच्या गेममध्ये ज्याने बापाच्या कापसाचे पैसे घातले, त्याला डॉक्टरचीच गरज आहे. पैशांच्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला तो योग्यच झाला. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर असायला हवा.

बाकीच्यांचे काय? त्यांचा फोन सुटत नाही, कारण तो सुटू नये अशी व्यवस्था आपणच लावली आहे. प्रवेश फोनवर. परीक्षेचा अर्ज फोनवर, हॉलतिकीट फोनवर, निकाल फोनवर. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर ओटीपी फोनवर. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याचे क्लास यूट्यूबवर, नोट्स टेलिग्रामवर. उद्या तास होणार की नाही हे रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कळणार. त्या एका सूचनेसाठी मुलगा फोन उशाशी ठेवतो, आणि सूचना पाहायला उघडलेला फोन एकच्या सुमारास कधीतरी मिटतो. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचे काही केले होते, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमे पाहिली होती. दोन्ही कामे एकाच दारातून होतात. अभ्यासाला जाणाऱ्याला रोज बाजारातूनच जायला लावायचे आणि तो बाजारात रेंगाळला म्हणून रागवायचे, हा अन्याय आहे.

मुलींची गोष्ट थोडी निराळी आहे. 'असर'च्याच २०२३ च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडेच. फोनच्या नादावरचा राग सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोराने मुलीवर निघतो. तिचा फोन काढून घेतला की पाठोपाठ तिचे कॉलेजही सुटते. म्हणून 'काढून घ्या' या सल्ल्याची मला भीती वाटते.

बंदीचे प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरू न देण्याचा ठराव केला. त्या गावाची कळकळ मी समजू शकतो. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांना आठवड्यात तीन तासच ऑनलाईन गेम अशी मर्यादा घातली, ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमे बंद केली. पण आपली पदवीची मुले सज्ञान आहेत, मतदार आहेत. त्यांच्या हातून फोन हिसकावता येणार नाही, आणि येऊही नये.

मला जास्त आशा वाटते ती सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावकडे पाहून. या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, दीड तास वाचन, अभ्यास, गप्पा. साडेआठला दुसरा भोंगा. त्या गावाने कुणाचा फोन जप्त केला नाही. हरवलेली घंटा परत आणली, आणि ती सगळ्यांसाठी वाजवली. बापाने रील पाहायचे आणि पोराने पुस्तक धरायचे असा भेद तिथे ठेवला नाही. आमच्या कोलाम पोडांवर चावडी असते. पोडाचे निर्णय तिथे होतात, माणसे तिथे बसतात. दीड तास एकत्र थांबण्याची जागा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथे दिवा आणि चार बाके लावायला फार मोठा निधी लागत नाही.

ज्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा शाळेत गेलेले नव्हते. जेवायचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकराला शिकवा, हे ते कीर्तनातून गावोगाव सांगत फिरले. २०२० च्या पावसाळ्यात झरी जामणीच्या आईबापांनी जणू हेच केले. ताट विकून फोन आणला. त्यांचे त्यात काही चुकले नाही. ताट विकायला लावणाऱ्या आम्हा सगळ्यांवर मात्र त्याची परतफेड बाकी आहे, आणि ती उपदेशाने फिटणार नाही.

मोठ्या मंडळींनी आधी आपल्याकडची चार कामे करावीत. महाविद्यालयांनी संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर सूचना टाकणे थांबवावे, वेळापत्रक पूर्वीसारखे फलकावर लावावे. शिष्यवृत्तीचे आणि परीक्षेचे अर्ज भरायला महाविद्यालयातच संगणक आणि माणूस बसवावा. मुकुटबन, पाटण, झरी इथे रात्री नऊपर्यंत उघडी राहील अशी अभ्यासिका हवी, जिथे फोन दारातल्या कप्प्यात ठेवून छापील पुस्तक हाती घेता येईल. आणि वणीहून सुटणारी एक गाडी अशी हवी की जी ग्रंथालयात तासभर जास्त बसलेल्या मुलीला घरी पोहोचवेल. आज ती मुलगी शेवटची बस चुकेल या भीतीने लवकरच निघते आणि मग वाचायचे ते फोनवर वाचते.

पालकांनो, तरुणांनो, सरपंच-पोलीस पाटलांनो, हे सगळे मागण्याची जागा ग्रामसभा आहे. ती वर्षातून किमान चार वेळा भरते आणि तिथे गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला बोलण्याचा हक्क आहे, कॉलेजच्या मुलामुलींनाही. येत्या ग्रामसभेला त्यांना सोबत घेऊन जा, आणि अभ्यासिकेचा व उशिराच्या गाडीचा ठराव त्यांनाच मांडू द्या.